ठिपक्यांच्या मधे

फळ्यावर तीन चौकोन काढायचे. पहिल्यात ठिपके गच्च, ओळीत, प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखे. दुसऱ्यात जरा सैल, मधल्या सुट्टीची घंटा नुकतीच झाल्यासारखे. तिसऱ्यात चार-पाचच, कोपऱ्यांत फेकून दिलेले. खाली लिहायचं : स्थायू, द्रव, वायू. एकतीस वर्षं मी हे तीन चौकोन काढले. शेवटी शेवटी तर हात आपोआप चालायचा आणि डोक्यात घरी गेल्यावर कोणती भाजी करायची हे चाललेलं असायचं.

त्यातला एक दिवस मात्र लख्ख आठवतो. जुलै होता. बाहेर कोल्हापूरचा पाऊस, म्हणजे तीन दिवस झाले तरी दम न घेतलेला. वर्गात ओल्या दप्तरांचा कोंदट वास. पंचगंगेला पाणी चढत होतं, त्यामुळे नदीपलीकडच्या गावांतली पोरं आलीच नव्हती, निम्मे बाक रिकामे. मी चौकोन काढले, ठिपके दिले, हात झटकले. मागून दुसऱ्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. तोंड फारसं न उघडणारा, वहीत बैल काढत बसणारा.

"बाई, ठिपक्यांच्या मधी काय असतंय?"

"हवा," मी म्हणाले. आणि पुढच्या मुद्द्याकडे गेले.

रात्री भाकरी थापताना हात थांबला. हवा? हवा म्हणजे तर तिसरा चौकोन. हवेचेच ठिपके मी काढले होते. मग हवेच्या ठिपक्यांच्या मधे काय? पुन्हा हवा? आणि त्या हवेच्या ठिपक्यांच्या मधे? भाकरी तव्यावर करपली. विज्ञानाच्या शिक्षिकेनं भर वर्गात, अगदी ठाम आवाजात, साफ चुकीचं सांगितलं होतं, आणि पंचवीस-तीस मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी जाऊन दुरुस्त करायचं ठरवलं. पण पाणी आणखी चढलं, शाळेला सुट्टी पडली. शाळा उघडली तोवर घटक चाचणी तोंडावर आली, मग पुढचा धडा. मुलं विसरली असतील. मी विसरले नाही.

उत्तर तसं सोपं आहे. मधे काहीच नसतं. रिकामं. पण 'काहीच नाही' हे चौथीतल्या काय, चाळिशीतल्या माणसाच्याही घशाखाली उतरत नाही. रिकामा डबा म्हटला तरी आपल्या मनात तो हवेनं भरलेला असतो. ग्रीसमध्ये डेमोक्रिटसनं जग म्हणजे कण आणि पोकळी असं सांगितलं, तर ॲरिस्टॉटलनं पोकळी असूच शकत नाही म्हणून ती मोडीत काढली, आणि पुढं शतकानुशतकं चाललं ते ॲरिस्टॉटलचंच. आपल्याकडं वैशेषिक या प्राचीन दर्शनाच्या विचारवंतांनी उन्हाच्या तिरिपेत नाचणाऱ्या धुळीच्या कणाकडं बोट दाखवून म्हटलं, डोळ्याला दिसणारं हे सगळ्यांत लहान, आणि यातसुद्धा सहा परमाणू आहेत. त्यांचं गणित आजच्याशी जुळत नाही, जुळवायचा हट्टही करू नये. ओढून ताणून जुळवणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. पण तिरिपेतल्या धुळीकडं बघून कुणाला तरी असं सुचलं, हे पुरेसं आहे. विसावं शतक उजाडलं तरी विल्हेल्म ओस्टवाल्डसारखा मोठा रसायनशास्त्रज्ञ अणू ही नुसती हिशेबाची सोय आहे असं म्हणत होता. तेव्हा माझी 'हवा' अगदीच एकटी नव्हती. असं स्वतःला समजावते.

त्या रात्रीपासून मी त्या चौकोनांकडे संशयानं बघायला लागले, आणि एक एक खोट सापडत गेली.

सगळ्यांत मोठी खोट दुसऱ्या चौकोनात आहे. पहिल्यात गच्च, तिसऱ्यात विरळ, म्हणून दुसऱ्यात मधलं काहीतरी, असं आपण काढतो. हाताला तशी सवय. पण द्रवातले कण जवळजवळ स्थायूइतकेच खेटून असतात. सुई नसलेली सिरिंज घ्यायची, पाणी भरायचं, तोंडावर अंगठा दाबायचा आणि दट्ट्या रेटायचा. तालमीतला पैलवान आणला तरी तो हलणार नाही. तीच सिरिंज हवेनं भरली तर पहिलीतलं पोर निम्म्यापर्यंत दाबतं. पाण्यात दाबायला जागाच नाही. जागा आहे ती वायूत. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती साधारण सोळाशे लिटर होते. म्हणजे लांबी, रुंदी, उंची तिन्ही बाजूंनी दोन कणांतलं अंतर जवळपास बारापट. प्रामाणिकपणे काढायचं तर पहिले दोन चौकोन सारखेच गच्च हवेत, आणि तिसऱ्यात एक ठिपका इथं नि दुसरा शेजारच्या वर्गाच्या फळ्यावर.

त्यात पाण्यानं वेगळीच गंमत करून ठेवली आहे. बर्फात कण ओळीनं उभे राहतात खरे, पण हात पसरून उभे राहतात. त्यामुळे बर्फाला पाण्यापेक्षा जास्त जागा लागते. लिटरभर बर्फ भरतो जेमतेम ९१७ ग्रॅम, म्हणून तो सरबतात तरंगतो. म्हणजे पाण्यापुरतं बोलायचं तर पहिला चौकोन दुसऱ्यापेक्षा विरळ काढायला हवा. हे मी एकदा वर्गात सांगितलं तेव्हा पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मग परीक्षेत काय काढायचं?" मी म्हणाले, पुस्तकातलं. आणखी काय म्हणणार?

दुसरी खोट म्हणजे ठिपके उभे आहेत. एकदा काढले की खडूचे ठिपके हलत नाहीत. खरे कण एक क्षण स्वस्थ बसत नाहीत. स्थायूतले जागच्या जागी थरथरतात, द्रवातले गर्दीतून वाट काढत सरकतात, वायूतले सैरावैरा धावतात. टेबलावरचा पेला आपल्याला निवांत दिसतो, कारण आत जे काही चाललं आहे ते सगळ्या दिशांना सारखंच चाललं आहे.

हे दाखवायला मला सापडलं दूध. गंगावेशीत संध्याकाळी दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून फेसाळ पेला हातात देतात. एकदा पेला संपवून तळातलं चमचाभर दूध बाटलीत घालून आणलं. दुसऱ्या दिवशी शाळेत त्याचा एक थेंब पाण्यात पातळ करून काचपट्टीवर ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. स्निग्धांशाचे गोळे दिसले. मोठे गोळे सुस्त, पण बारीक गोळे थरथरत होते. इकडं धक्का, तिकडं धक्का, जोतिबाच्या यात्रेतल्या गर्दीत सापडलेल्या पोरासारखे. त्यांना ढकलणारी गर्दी दिसत नव्हती, ढकललं जाणं तेवढं दिसत होतं.

रॉबर्ट ब्राऊन या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञानं १८२७ साली परागकणांतून निघालेल्या बारीक कणांत ही थरथर पाहिली. आधी त्याला वाटलं, फुलाचं आहे म्हणजे जीव असेल. मग त्यानं दगडाची पूड घालून बघितली, इजिप्तच्या स्फिंक्सचा तुकडासुद्धा कुटून घातला. तोही नाचला. म्हणजे जीव नाही. पुढं १९०५ मध्ये आइन्स्टाइननं त्याचं गणित मांडलं : न दिसणारे पाण्याचे कण धडका देत असतील तर दिसणारा कण किती वेळात किती सरकेल. पॅरिसमध्ये जाँ पेरँनं ते सरकणं तासन् तास मोजून पडताळलं, आणि अणू नाकारणाऱ्या ओस्टवाल्डनं अखेर हार मानली. पेरँला १९२६ चं नोबेल मिळालं. आमच्या काचपट्टीवर गंगावेशीतल्या म्हशीचं दूध तेच करत होतं. एक मुलगी डोळा न काढता म्हणाली, "हे थांबणार कधी?" थांबत नाही. काचपट्टी सुकली तरच.

दुधावरनं आठवलं. घनता शिकवताना मला सगळ्यांत जास्त छळलं असेल तर 'दाट' या शब्दानं. आपल्याकडे दूध दाट, रस्सा दाट, केस दाट, झाडी दाट. मुलं म्हणायची, जे दाट त्याची घनता जास्त. तेल पाण्यापेक्षा दाट की नाही? हाताला लागतं तसं. मग पाण्यावर का तरंगतं? कोल्हापुरात हे समजवायला प्रयोगशाळा लागत नाही. तांबड्या रश्श्याची वाटी समोर ठेवायची. वर जो लाल तर्रीचा थर असतो तो तेलाचा. तिखटाचा रंग तेलात उतरतो आणि तेल त्याला घेऊन वर येतं. ओतायला सावकाश असणं आणि मापाला जड असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. घनता एवढंच विचारते, की एवढ्याशा जागेत वस्तुमान किती.

दुधाचं तर याहून तिरपागडं. सायीचं, घट्ट म्हणून आपण ज्याला मान देतो ते दूध साय काढलेल्या दुधापेक्षा हलकं असतं, कारण स्निग्धांश पाण्यापेक्षा हलका. दुग्धमापी, ज्याला सगळे लॅक्टोमीटर म्हणतात, ते दुधात किती बुडतं यावरून घनता सांगतं. चांगल्या दुधाची घनता पाण्याच्या साधारण १.०३ पट. पाणी घातलं की ती कमी होते आणि मापी खाली बुडतो, चोरी सापडते. पण आधी साय काढली तर घनता वाढते. म्हणजे साय काढून घ्यायची, मग बेतानं पाणी घालायचं, मापी जिथल्या तिथं. ही युक्ती मी वर्गात सांगितली त्या वर्षी एका मुलाची आई शाळेत आली. त्यांचा दुधाचा धंदा होता. "बाई, पोरांना हे कशाला शिकवतायसा?" तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. त्यासाठीच डेअरीत स्निग्धांश वेगळा तपासतात, हेही मी शिकवायला हवं होतं. पुढच्या वर्षीपासून शिकवलं.

घनतेतला सगळ्यांत देखणा हिशेब मात्र मला गुजरीत सुचला, भाचीच्या लग्नाचं सोनं घेताना. चांदी हुपरीची, सोनं गुजरीचं आणि घरातलं पातेलं ॲल्युमिनियमचं. या तिन्ही धातूंत कण एकाच पद्धतीनं रचलेले असतात, आणि दोन कणांमधलं अंतरही जवळजवळ सारखंच. एकाच मापाच्या टोपल्या, एकसारख्या रचलेल्या. फक्त आतला माल वेगळा. वजनाला ॲल्युमिनियमचा अणू २७ तर चांदीचा १०८, म्हणजे चौपट. सोन्याचा १९७, सातपटीच्या थोडं वर. आता घनता बघा : ॲल्युमिनियम २.७, चांदी १०.५, सोनं १९.३. पुन्हा चौपटीच्या जवळ, पुन्हा सातपटीच्या जवळ. डोळ्याला न दिसणाऱ्या एका कणाचं वजन सराफाच्या काट्यावर उतरतं ते असं. मी हे तिथं दुकानात बोलून दाखवलं. भाची म्हणाली, "मावशी, मजुरी किती लावतायत ते बघ आधी."

उष्णतेकडे यायला मला उशीर झाला, कारण ती मी आधी वडिलांच्या हातांवर बघितली होती. ते उद्यमनगरात लेथवर होते. हाताच्या मागच्या बाजूला बारीक बारीक पांढरे डाग, कापून उडालेल्या लोखंडाच्या कढत कीसानं पडलेले. लहानपणी मला प्रश्न पडायचा, तिथं विस्तव नाही, चूल नाही, मग लोखंड तापतं कशानं? १७९८ साली काउंट रम्फर्ड या संशोधकानं हाच प्रश्न जगापुढं मांडला. म्युनिकमध्ये तोफेला भोक पाडताना, बोथट हत्यार मुद्दाम लावून, त्यानं भोवतीचं पाणी अडीच तासांत उकळून दाखवलं. विस्तवाशिवाय. तोवर विद्वानांचं मत असं, की उष्णता हा एक पदार्थ आहे, वस्तूत भरलेला. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएनं १७८९ मध्ये तो चक्क मूलद्रव्यांच्या यादीत घातला होता. 'कॅलरी' हा शब्द त्याच कुळातला. पण पदार्थ असेल तर कधी तरी संपेल ना? घासत राहाल तोवर उष्णता निघतच राहते. हत्याराची हालचाल धातूच्या कणांत शिरते, कण जास्त जोरानं थरथरतात, त्या थरथरीला आपण तापणं म्हणतो. वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हत्यार बोथट झालं की जॉब तापतो, हे तुझ्या साहेबाला आता कळलं होय?"

आणि आता गुऱ्हाळ.

गेल्या जानेवारीत कपिलतीर्थ मंडईत मेथी निवडत होते. मागून आवाज आला, "बाई, वळखलासा का?" दाढी, कपाळाला गंध, गुळाच्या पावडरीची पिशवी हातात. नाव सांगितलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. मागून दुसरा बाक. वहीतले बैल. "गुऱ्हाळ लागलंय बघा. या की एकदा. फोन करा, गाडी पाठवतो."

निवृत्त बाईला एवढं पुरतं.

भोगावतीच्या काठाला त्याचं गाव. गाडी वळणावर असतानाच वास आला, म्हणजे गुळाचे काही कण पाव किलोमीटर वारा नि धक्के खात माझ्या नाकात आधीच पोचले होते. चरकाची घरघर, चिपाडांचे ढीग, आणि शेडच्या मधोमध रस आटवायची भलीमोठी कढई, काहील. वरून पांढरे लोट निघत होते. त्याच्या भोवती उभं राहिलं की आपली भाषा किती शहाणी आहे ते कळतं. चुलवाणाच्या तोंडासमोर लागते ती धग. वाऱ्याचा रोख फिरला की अंगावर येते ती झळ. काहिलीच्या कडेला हात लागला तर बसतो तो चटका. पुस्तक याला प्रारण, अभिसरण आणि वहन म्हणतं. पोरांना आधी धग, झळ, चटका दिले असते तर ते तीन शब्द पाठ करायला आठवडा लागला नसता. उलट थंडीच्या बाबतीत हीच भाषा फसवते. थंडी 'वाजते', थंडी दारातून 'आत येते'. आत काही येत नाही. आपलीच ऊब बाहेर जात असते. पहाटे फरशीवर पाय ठेवला की झोंबतो आणि शेजारच्या घोंगडीवर झोंबत नाही. दोन्ही असतात एकाच तापमानाला, फक्त फरशी पायातली ऊब लवकर ओढून घेते.

माझ्या विद्यार्थ्यानं काहिलीवर डिजिटल तापमापी लावली होती. गुळव्या, सत्तरीचा म्हातारा, तिच्याकडं ढुंकूनही बघत नव्हता. रस काहिलीत पडला, चुना झाला, भेंडीचं पाणी झालं, मळी वर आली, झाऱ्यानं काढून टाकली. काटा चढत चढत शंभराच्या आसपास आला आणि तिथंच बसला. कोल्हापूर समुद्रापासून साडेपाचशे मीटर उंच, त्यामुळे आपलं साधं पाणी अठ्ठ्याण्णवच्या जवळ उकळतं. रसातली साखर त्याला थोडं वर नेते. खालून चिपाडं सारखी पडतायत, जाळ ढणाढणा चाललाय, आणि काटा जागचा हलत नाही. पाऊण तास, तास, दीड तास.

ही उष्णता जाते कुठं? ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक या रसायनशास्त्रज्ञानं १७६० च्या दशकात याच कोड्यावर डोकं चालवलं. कणांचा वेग वाढवण्यात उष्णता खर्ची पडली तर काटा चढतो. पण इथं ती कणांना एकमेकांपासून तोडण्यात जाते. एक किलो पाणी २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत न्यायला ७५ किलोकॅलरी लागतात. तेच पाणी तेवढ्याच तापमानाची वाफ करायला ५४०. सातपटीहून जास्त, आणि काट्यावर त्याची काडीइतकी खूण नाही. पुस्तकात याला अप्रकट उष्मा म्हणतात. उसाच्या रसात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणीच. चिपाडाचे ते डोंगर जळतात ते जवळपास सगळे या अप्रकट कामासाठी.

मग कधीतरी काटा हलला. १०३. १०५. इथं थांबलं तर काकवी. पाणी आता थोडं उरलेलं, साखरेच्या गर्दीत अडकलेलं, सुटून जायला जास्त जोर लागणारं, म्हणून उकळायलाही जास्त तापमान हवं. ११०. फेसाचा आवाज बदलला. आधी खळखळ होती, आता जड फदफद. याच काकवीच्या थेंबाचा एक डाग माझ्या मनगटावर आहे, आजोळच्या गुऱ्हाळातला, आठवीतला. गंमत बघा, चुलवाणातली ठिणगी काकवीपेक्षा कितीतरी तप्त, पण हातावर पडली तर नुसती टोचते नि विझते. तिच्यात कणच मोजके. तापमान भरपूर, उष्णता चिमूटभर. काकवीचा थेंब तापमानानं गरीब, पण आत कणांची झुंबड, वर चिकटून बसतो आणि आपलं सगळं देऊनच सोडतो. तापमान आणि उष्णता यांतला फरक मी फळ्यावर कितीदा लिहिला असेन, पण मला स्वतःला तो मनगटानंच शिकवला.

११६ ला म्हातारा उठला. पळीभर पाक थंड पाण्यात सोडला, बोटांनी गोळा केला, भांड्याच्या कडेवर आपटला. टण्ण. "चला!" तापमापीनं ११८ दाखवायला अजून वेळ होता. मी कौतुकानं माझ्या विद्यार्थ्याकडं बघितलं. तो हळूच म्हणाला, "दर साली एकदोन आदणं करपवतोय म्हातारा. म्हणून तर मीटर बसवला."

त्याच्या आधीची गोष्ट सांगायची राहिली. काटा शंभरावर बसलेला असताना आम्ही चहा घेत होतो. मी धीर करून विचारलं, "तू मला एकदा वर्गात विचारलं होतंस, ठिपक्यांच्या मधे काय असतं. आठवतंय?"

त्यानं बराच विचार केला. "न्हाई ओ बाई. तुमी कोपऱ्यात उदबत्ती लावलेलासा आणि ज्याला वास येईल त्यानं हात वर करा म्हणलेलासा, ते आठवतंय. मागच्या बाकावरच्यांनी वास यायच्या आधीच हात वर केला म्हणून मारलासा की आमाला."

एवढी वर्षं उरावर घेतलेलं ओझं असं चहाच्या कपात विरघळलं, आणि त्या जागी दुसरंच बसलं. मारलं होतं का मी? मारलं असणार.

त्याची सात-आठ वर्षांची मुलगी हातात उसाचं कांडं घेऊन काहिलीकडं टक लावून उभी होती. तिथून लांब हो म्हणून बाप दोनदा ओरडला होता. "ते फुगे कशाचे ओ, आजी?"

"हवेचे," चुलवाणापाशी बसलेला गडी म्हणाला. "हवेचे," बापही म्हणाला.

"मी बघितलो की," ती म्हणाली. आमच्याकडच्या मुली 'बघितलो'च म्हणतात, व्याकरणवाल्यांनी काय करायचं ते करावं. "खालनं येत्यात. खाली कुठं हवा हाय?"

मी कप खाली ठेवला. "हवा अगदी सुरुवातीला असते थोडी, रसात मुरलेली. पहिल्या बारीक फुग्यांतनं ती निघून गेली. तासभर उकळल्यावर हवा कुठली उरायला? हे फुगे पाण्याचे."

"पाण्याचे फुगे पाण्यात?"

"पाण्याचेच कण. एकमेकांचा हात सोडून लांब लांब गेलेले. आणि त्यांच्या मधे," इथं मी जरा थांबले, आवाज सावरला, "त्यांच्या मधे काहीच नसतं. हवासुद्धा नाही."

"बरं," ती म्हणाली. जणू मी आज मंगळवार आहे असं सांगितलं होतं. तिनं ऊस चावला, चोथा थुंकला, आणि विचारलं, "मग त्यातला एकच कण धरला हातात, तर तो ओला असतोय का?"

माझ्या तोंडावर 'हो' आलं होतं. पाणी ओलं, म्हणजे पाण्याचा कण ओला. पुढच्याच श्वासाला 'नाही' आलं. एकट्या कणाला ना ओल, ना थंड-गरम, ना पातळपणा. हे सगळं गर्दीचं. पण मग गर्दी केवढी झाली की ओल सुरू होते? दहा कणांना? हजार?

मागून म्हाताऱ्याचा 'चला' ऐकू आला. माणसं धावली, काहील ओढून गूळ निववायच्या वाफ्यावर कलती झाली, सोनेरी पाक पसरला, फावडी पडली. दुसऱ्या चौकोनातले कण पहिल्या चौकोनात शिरायला लागले, रवा धरायला लागला. बापानं मुलीला दंडाला धरून मागं ओढलं. ती मान वळवून माझ्याकडंच बघत होती.

"उद्या सांगते," मी ओरडून म्हणाले.

"उद्या तुमी कुठं हितं असताय?" ती म्हणाली.